लाल ठिपका नसलेली पाचर

आबा, परवा एका मुलीने मला फोनवर विचारलं, "मॅडम, हा आकडा कोणी मोजला होता?" आणि मी म्हटलं, "आठवत नाही." मला आठवत होतं. म्हणून हे लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी माझी समजूत काढली असती, आणि मला समजूत नको आहे. तुम्ही ती कधी काढली नाहीत.

आज शुक्रवार. गल्लीतले कापडाचे लूम बंद आहेत. आता उरलेतही थोडेच. समोरच्या शेडमध्ये, जिथे तुमचे चोवीस लूम होते (मालकाचे म्हणायचे, पण तुम्ही 'आपले' म्हणायचात), तिथे आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. दिवसभर टेम्पो मागे घेताना पिपाणी वाजते. तरीही शुक्रवार ओळखू येतो. मागच्या आळीतली खडखड थांबते आणि कुकरची शिट्टी चार घरांपलीकडची ऐकू येते. अशाच शुक्रवारी तुम्ही मला कारखान्यात न्यायचात. लूम चालू असताना दुरुस्तीला हात घालता येत नाही, म्हणून सगळी भिवंडी सुट्टी घ्यायची तेव्हा तुम्ही कामाला निघायचात.

ती मुलगी म्हणजे तशी तिशीतली बाई. समुद्रापलीकडच्या ज्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं होते, तिथेच ती पीएच.डी. करते. माहेर नाशिकचं, सध्या सुट्टीवर आली आहे. मी तिथे लिहिलेला प्रोग्राम अजून चालतो हे मला तिच्याकडूनच कळलं. तीस वर्षांहून जास्त झाली. लोकांनी तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेला, त्यात भर घातली, भाषा बदलली, पण आतला गाभा तोच, आणि पहिल्या पानावर माझं नाव. त्या नावावरून तिने मला शोधून काढलं. ती म्हणाली, "तुमच्या कोडमध्ये कॉलिमेटर डावीकडे एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर सरकवलाय, आणि शेजारी टीप आहे, 'सर्वेनुसार'. आम्ही या वर्षी तो बाहेर काढून नव्याने मोजला. तो अगदी मधोमध आहे. मग तेव्हा सरकलेला होता का?"

तेव्हा मी ते उत्तर दिलं. माझ्या वयाच्या बाईने 'आठवत नाही' म्हटलं की कोणी खोदून विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. तिनेही विचारलं नाही. म्हणाली, "हरकत नाही मॅडम. मग तेव्हाच्या सर्वेत तो सरकलेला होता असं मी थिसिसमध्ये लिहिते. तुमचा हवाला देते." आणि वर आभार मानले. दोन महिन्यांनी ती थिसिस देणार आहे. जो आकडा कधी कोणी मोजलाच नाही, तो ती स्वतःच्या नावाने लिहिणार, माझ्यावर विश्वास ठेवून. फोन ठेवला आणि मी डाळ निवडायला बसले. अर्धा किलो डाळ दोनदा निवडली.

तुम्हाला या कामाबद्दल मी एकदा, परदेशी जायच्या आधी, सांगितलं होतं. नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली होती, तुम्ही कारखाना सोडला होता, आणि ओट्यावर बसून शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडला होता. तुम्ही विचारलंत, "बाय, तू तिकडं करतंस काय नक्की?" मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागले. इलेक्ट्रॉनचा झोत एका पातळ पत्र्यावर सोडायचा. त्यातले काही इलेक्ट्रॉन अणूच्या गाभ्याला आपटून बाजूला उडतात. कुठल्या दिशेला किती उडाले, किती वेगाने उडाले, यावरून तो गाभा आतून कसा आहे ते कळतं. ते मोजायला एक यंत्र असतं, स्पेक्ट्रोमीटर, आपल्या घराहून उंच. तोंडाशी धातूची जाड पाटी, तिला मधे चौकोनी भोक. ती पाटी म्हणजे कॉलिमेटर. भोकातून आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनना मोठाले लोहचुंबक वळवतात. वेगवान कमी वळतात, सावकाश जास्त वळतात, आणि शेवटी कोण कुठे पडला त्याची नोंद होते.

तुम्ही पात्याची धूळ पुसत होता. म्हणालात, "आनि जे शेवटाला पोचत न्हाईत ते?"

आबा, मी तोवर मोठमोठ्या सभांत हे काम समजावून सांगितलं होतं. इतक्या लवकर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, तेच माझं काम. काही भोकाच्या कडेला धडकतात, काही आतल्या भिंतीला, त्यांची नोंद कुठेच होत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये तसंच्या तसं यंत्र मांडायचं, आकड्यांचं. त्यातून लाखो इलेक्ट्रॉन सोडायचे आणि किती पोचतात, किती वाटेत मरतात ते बघायचं. मग खऱ्या यंत्रात जेवढे पोचले त्यावरून मुळात किती निघाले असतील ते सांगता येतं.

"म्हंजी खोटे इलेक्ट्रॉन."

"खोटे नाही आबा. मानलेले."

"मानलेले का होईना, खऱ्यावानी वागले पायजेत ना? तुजं यंत्र वाकडं मांडलंस तर ते बिचारे वाकडेच जानार. त्यांना काय म्हाईत?"

आई आतून ओरडली, "तो पंखा आज फिरनार हाय का तुमचे इलेक्ट्रॉन फिरनार हायत?" आणि तुम्ही हसलात. पंखा त्या दिवशी फिरला नाही. दुसऱ्या दिवशी फिरला.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुमचा उजवा खांदा आखडला होता, म्हणून काही महिने शुक्रवारी मी हाताखाली येत होते. मला त्याची लाजही वाटायची आणि घमेंडही. मी भौतिकशास्त्र शिकणारी, आणि तुम्ही चौथी पास, पाणसळ न लावता नुसता लूमच्या चौकटीवर तळवा ठेवून कुठला पाय उचललेला आहे ते सांगणारे. भिवंडीतल्या फरश्या सगळ्या खचलेल्या. लूमचा एक पाय अधांतरी राहिला की लूम डुलतो, डुलला की आडवा धागा नेणारा धोटा वाकडा धावतो. त्यावर तुमच्याकडे एकच उपाय, लाकडाची पाचर. पायाखाली ठोकायची आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकावर लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. हा ठिपका साऱ्या शेडला माहीत होता. लाल ठिपक्याच्या लाकडाला कोणी हात लावत नसे. बिनठिपक्याचं लाकूड म्हणजे चुलीचं लाकूड.

त्या शुक्रवारी तिसऱ्या ओळीतल्या लूमची पाचर तुम्ही मला मारायला सांगितलीत. मी मारली, छान बसली. रंगाच्या डब्याचं झाकण चिकटलं होतं. स्क्रूड्रायव्हर आणायला शेडच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं, आणि मला प्रॅक्टिकलची वही पुरी करायची होती. पाचर दिसतेच आहे, मी मनात म्हटलं, आंधळ्यालाही दिसेल. तुम्ही विचारलंत, "झाली?" मी म्हटलं, "झाली." ते खोटं नव्हतं. पाचर झालीच होती.

सोमवारी झाडणाऱ्या बाईने ते लाकूड काढून चुलीसाठी नेलं. तिची काहीच चूक नव्हती. बुधवारी धोटा उडाला आणि त्या लूमवरच्या चाचाच्या कानाला लागला. उत्तरेकडून आलेला म्हातारा विणकर, मला लहानपणापासून शेंगदाणे देणारा. मी धावत गेले तेव्हा तो डॉक्टरकडून परतला होता, डोक्याभोवती पांढरी पट्टी. मला रडताना बघून तुम्हाला म्हणाला, "उस्ताद, बिटिया को चुप कराओ. कान गया तो गया, लूम के शोर में सुनता कौन है!" सगळे हसले. मालकाने विचारलं, पाचर कोणाची होती? तुम्ही म्हणालात, "माजी." मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

संध्याकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तुम्ही पाटावर बसलात, माझ्याकडे न बघता बोललात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "पाचर मारायला लाज न्हाय, बाय. जगात सगलं पाचरींवरच उबं हाय. पन म्होरल्याला कलू दे का ही पाचर हाय, जमीन न्हाय." मग आईला म्हणालात, "वाढ तिला." मी जेवले नाही. तुम्ही जेवलात. रोजच्याइतकंच जेवलात, आणि त्याचा मला फार राग आला होता.

परदेशी निघाले तेव्हा तुम्ही मला एक पाचर दिलीत. सागाची, हाताने तासलेली, घासून गुळगुळीत केलेली, टोकाला लाल ठिपका. "तिकडं टेबल हलत असंल तर," म्हणालात. आईने कपाळावर हात मारला. "लोक पोरीला सोनं देतात, आनि हे बगा." टेबल खरंच हलत होतं. ती पाचर दोन वर्षं माझ्या टेबलाच्या पायाखाली होती.

त्याच टेबलावर मी ते केलं. माझे मानलेले इलेक्ट्रॉन आणि यंत्रात नोंदलेले खरे इलेक्ट्रॉन यांचे आलेख एकमेकांवर ठेवले की सगळीकडे जुळायचे, फक्त एका कडेला नाही. खरे इलेक्ट्रॉन तिथे लवकर संपत होते. काहीतरी त्यांची वाट अडवत होतं, आणि माझ्या आकड्यांच्या यंत्रात ते काहीतरी नव्हतं. मी तीन आठवडे शोधलं. कॉलिमेटरच्या पाटीच्या मागे हवा काढून घेतलेली एक लांब नळी होती. तिची कड बाजूने आत आली असेल अशी मला शंका होती. पण प्रयोग चालू होता, त्या दालनात महिनाभर कोणाला पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि सोमवारी मला निकाल मांडायचा होता. शुक्रवारी दुपारी मी प्रोग्राममध्ये पाटी थोडी डावीकडे सरकवून बघितली. एक मिलिमीटर. दीड. एक पूर्णांक आठला कड अशी जुळली की रेघेवर रेघ. माझ्या वरिष्ठांनी खांद्यावरून वाकून बघितलं. "जुळलं ना? मग पुढे चला." वाईट माणूस नव्हता तो. सगळेच असं करायचे, आजही करतात, आणि त्यात फार गैर नाही. गैर केलं ते मी पुढे. नुसता आकडा बघून उद्या कोणीतरी विचारेल, हा कुठून आला? म्हणून मी शेजारी लिहिलं, 'सर्वेनुसार'. म्हणजे यंत्राची जागा मोजणाऱ्या लोकांनी मोजून दिलं. त्यांनी दिलेला आकडा माझ्या वहीत होता. तो शून्य होता.

मनाशी म्हटलं, दालन उघडलं की नळी बघू आणि टीप बदलू. दालन उघडलं तेव्हा मी दुसऱ्या कामावर होते.

त्याच रविवारी मी घरी फोन केला होता. तुम्हाला खालच्या औषधाच्या दुकानात बोलावून आणावं लागायचं, मिनिटाला केवढे पैसे जातात म्हणून तुम्ही सगळं भरभर विचारायचात. "जेवतंस का? थंडी हाय का? काम झालं तुजं?" मी म्हटलं, "झालं आबा. जुळलं सगळं." तुम्ही विचारलंत, "कसं जुललं?" आणि तेवढ्यात लाइन तुटली. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही. तीन आठवड्यांनी तुमच्या छातीत कळ आली, आणि मी पोचले ती बाराव्याला.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं आणि वही मिटली. पुढे काय लिहायचं ते कळेना, कारण काही केलेलंच नव्हतं. मग त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, थिसिसमध्ये माझा हवाला देऊ नकोस, आधी इथे ये, माझ्या जुन्या वह्या आहेत त्या घेऊन जा, आणि एक गोष्ट समोर सांगायची आहे. ती आज, रविवारी, आली. नाशिकहून येताना पडघ्याला ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली होती, घामाघूम. दारात म्हणाली, "मॅडम, तुम्ही फोनवर फार कडक वाटता."

"समोरही तशीच आहे. बस. पाणी पी."

पाणी पिऊन झाल्यावर मी जुन्या वह्यांतली दुसरी उघडून तिच्यापुढे ठेवली. सर्वेचं शून्य दाखवलं. पुढच्या पानावरचे माझे प्रयत्न दाखवले, एक, दीड, एक पूर्णांक आठ, आणि त्याभोवती मी काढलेला गोल. म्हटलं, "हा आकडा कोणीही मोजलेला नाही. मी जुळवला आहे. टीप खोटी आहे, आणि त्या दिवशी फोनवर तुला आठवत नाही म्हटलं तेही खोटं."

तिला कळायला वेळ लागला नाही, हुशार आहे. तिने पान उलटून पुन्हा शून्यावर आणलं. मग म्हणाली, "म्हणजे मी वर्षभर या आकड्यावर काम केलं."

"हो. वर्षभर."

"एक अख्खं प्रकरण परत करावं लागेल मला."

"करावं लागेल. नळीची कड मोजायला सांग. पाटीच्या मागची. मला तेव्हाच संशय होता."

"तेव्हाच!" ती चिडली. आवाज चढला, मग तिने स्वतःला आवरलं. "सॉरी मॅडम. सगळेच जुळवतात, मला माहितेय. आम्हीपण जुळवतो."

"जुळवा की. पण शेजारी लिहा, जुळवलंय म्हणून. आणि सॉरी कशाला म्हणतेस? तुझा राग बरोबर आहे."

खरंच बरं वाटलं आबा. तुम्ही त्या संध्याकाळी जेवत राहिलात, तेव्हा मला जो राग हवा होता तो हा. वह्या पिशवीत भरताना ती खाली वाकली आणि तिला लोखंडी कपाटाच्या पायाखालचं लाकूड दिसलं. "हा लाल ठिपका कसला?" मी सांगितलं. तिसऱ्या ओळीतला लूम, चाचाचा कान, चूल, सगळं. पिशवी बाजूला ठेवून तिने ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "ते चाचा पुढे लूमवर आले?" मी म्हटलं, आले, आठ दिवसांनी आले, आणि त्या कानाने त्यांना पुढे कमीच ऐकू येत होतं. हे मी याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना त्यांचा विनोद तेवढा सांगायचे.

नळीची कड आत आली होती की नव्हती, मला माहीत नाही. बाकीच्यांच्या निकालांना किती धक्का लागतो, तेही माहीत नाही. ती परत गेल्यावर मोजतील, मग कळेल. कदाचित फार नसेल. कदाचित असेल. पण त्या पाचरीखाली खरा दोष इतकी वर्षं आरामात बसून होता, आणि माझ्यानंतर जो कोणी आला तो तिला जमीन समजून तिच्यावर उभा राहिला.

हे पान कुठे पाठवायचं नाही. कपाटात राहील. आज तिच्या हवाली केलं ते असं. वह्या तीन, दुसरीत ते शून्य आणि तो गोल. प्रोग्रामचे छापील कागद, एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. डिस्क चार, त्या बहुतेक वाचता येणार नाहीत, तसं तिला सांगितलं आहे. माझ्या सहीचं एक पान, त्यावर 'एक पूर्णांक आठ हा आकडा मोजलेला नाही, ही पाचर आहे, मी मारली', आणि खाली तिने स्वतःहून लाल पेनाने दिलेला एक ठिपका. सागाची पाचर दिली नाही. कपाट हलेल.

आणि आबा, त्या रविवारी लाइन तुटली नव्हती. मी फोन ठेवला होता.